राहिलेला दुसरा नारळ

त्या दिग्दर्शकाने मला फसवलं, माझ्या मित्राला फसवलं आणि आरे-वारेच्या वळणावरच्या राखणदारालाही फसवलं. आमची दोघांची फसवणूक आम्ही कदाचित गिळली असती. तिसरी फसवणूक गिळता येत नाही, कारण ती आम्हालाच गिळते आहे.

मी धंदेवाला माणूस आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात जुन्या होड्यांची इंजिनं विकत घेतो, उघडतो, नीट करतो आणि विकतो. सुरुवात सायकलवर पाव विकण्यापासून केली. मागे कोणी नव्हतं, पुढे कोणी बोलावत नव्हतं. भाव करताना माझा आवाज चढतो हे सगळं बंदर जाणतं. पण बंदरातले व्यवहार तोंडी होतात, चार माणसांच्या देखत, आणि तिथे दिलेला शब्द मी आजवर फिरवलेला नाही. शब्दाला वजन असतं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

त्या चित्रपटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझ्या हातून त्याची आणखी जाहिरात नको. शाळकरी पोरांच्या सायकल शर्यतीचा चित्रपट आहे. लागला तेव्हा आठवडाभरही टिकला नाही. रत्नागिरीत तर आम्ही पोरं आणि आमचे शेजारी एवढेच बघायला गेलो होतो. मग सीडी आल्या, मग मोबाइल आले आणि कसं कोण जाणे, तो पोराटोरांच्या तोंडी बसला. आता दर डिसेंबरात पुण्याकडची, कोल्हापूरकडची, मुंबईची तरुण मुलं सायकली घेऊन येतात, पिवळे शर्ट घालून आरे-वारेचा रस्ता चढतात-उतरतात आणि सूर्य बुडाला की किनाऱ्यावर पांढरं कापड ताणून तोच चित्रपट पुन्हा बघतात. संवाद तर सगळ्यांना पाठ. चित्रपटाच्या नायकाला मात्र कोणी विचारत नाही. त्यांना हवा असतो पिवळ्या शर्टातला एक बिननावाचा पोरगा. तो वळणावर पडतो, धुळीत दिसेनासा होतो, मग धुळीतूनच उठतो आणि सगळे पुढे निघून गेल्यावर एकटाच, सगळ्यांच्या मागून, शर्यत पुरी करतो. तो पडला की सगळा किनारा एका आवाजात ओरडतो, "ऊठ!"

पडला तो माझा मित्र. उठला तो मी. हा सरळ हिशेब इतकी वर्षं माझ्या डोक्यात पक्का होता.

मित्र म्हणजे शेजारच्या गावातल्या मुसलमान घरातला. वडील बोटीवर, म्हणून मी त्याला खलाशी म्हणायचो. तो मला पाववाल्या म्हणायचा. अजून म्हणतो. चित्रीकरणाला गावातली सायकल चालवणारी पोरं हवी होती. तेव्हा आम्ही दोघं नववीत होतो. माझी सायकल काळी, जड, मागे पावाचा पेटारा बांधायचा कॅरिअर. त्याची चुलत्याने आखातातून आणलेली, हलकी, चढावर पाखरासारखी जाणारी. त्याला पिवळा शर्ट मिळाला, मला हिरवा.

आता गाऱ्हाण्याचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमच्याकडे प्रत्येक वाटेला, बागेला, वळणाला एक राखणदार असतो. त्याची मूर्ती असेलच असं नाही. वळणावर एक शेंदूर लावलेला जांभा चिरा आहे, एवढंच. काहीही सुरू करायचं तर आधी त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे काय हवं, काय नको ते स्पष्ट शब्दांत, मोठ्याने सांगायचं. गावचे गुरव सांगतात आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मला विचाराल तर हा व्यवहारच आहे. मागणारा एक, देणारा एक आणि गाव साक्षीला. गावाने होकार भरला की सौदा झाला.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी गुरवकाकांनी रीतसर गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ही पोरं तुझ्या वाटेनं सायकली घेऊन जातायत. त्यांच्या वाटेत काय आडवं-तिडवं असेल ते दूर कर म्हाराजा!" आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा!" खलाशीही म्हणाला. आमच्याकडे नारळ ठेवताना कोण कुणाचा हे कोणी बघत नाही. नारळ फुटला, खोबरं वाटलं, संपलं.

दिग्दर्शकाला ते भलतंच आवडलं. गोरा, दाढीवाला, गळ्यात उपरणं अडकवलेला माणूस. म्हणाला, "काका, हेच पुन्हा करू. कॅमेऱ्यासमोर. फक्त शब्द जरा वेगळे. बघणाऱ्याला भीती वाटली पाहिजे." आणि त्याने कागद न बघता वाक्य सांगितलं. एक पडू दे, आणि त्याच्या जागी दुसरा उठू दे.

गुरवकाका म्हणाले, "असं बोलत नायत."

"अहो, खोटं खोटं आहे, काका. सिनेमा आहे."

"नारळ खोटा हाय काय?" काकांनी विचारलं.

सगळे हसले. दिग्दर्शकही हसला. नारळ खरा होता, शेंडीसकट, आमच्याच एका पोराने झाडावरून उतरवलेला. बरीच घासाघीस झाली. काकांनी शेवटी एक अट घातली, आणि ती मी माझ्या कानांनी ऐकली आहे. ते म्हणाले, "मी बोलीन. पण काम झालं की दुसरा नारळ फोडून शब्द मागं घ्यायचा. आणि तो मी नाय घेणार. ज्यानं घालायला लावला त्यानं इथं उभं राहून स्वतःच्या तोंडानं घ्यायचा."

"घेतो ना," दिग्दर्शक म्हणाला. "उद्या घेतो. निघायच्या आधी."

मग काकांनी हात जोडले आणि त्याच आवाजात, त्याच लयीत म्हणाले, "बा देवा म्हाराजा, यातला एक पडू दे आणि त्याच्या जागी दुसरा उठू दे म्हाराजा!"

आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

कोणी ऐकलं नव्हतं. गाऱ्हाण्याचे शब्द कोणी ऐकत नाही. लय कानावर आली की तोंडातून होकार जातो. लहानपणापासून तसंच वळण. शहरातला माणूस कदाचित थबकला असता, काय बोलतायत हे, असं त्याने विचारलं असतं. आम्ही थबकलो नाही. साठ-सत्तर माणसांनी, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, होकार भरून टाकला. फक्त काका हात जोडलेलेच ठेवून चिऱ्याकडे बघत राहिले. नारळ फोडला तेव्हा तो सरळ दोन भकलांत फुटला, आणि आतून पाण्याचा थेंब आला नाही.

शर्यतीला आम्ही चढावरून सुटलो. समुद्र डाव्या हाताला, खाली. खलाशी पुढे, मी त्याच्या बराच मागे. वळणावर त्याचं मागचं चाक खडीवर सरकलं. मला फक्त लाल धूळ दिसली. पोचलो तेव्हा तो डाव्या कुशीवर पडला होता, डोळे उघडे होते, पण आमच्यापैकी कोणाकडे बघत नव्हता. त्याला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. गळ्याजवळचं डावं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता. शुद्धीवर यायला त्याने रात्र आणि दुसरा अर्धा दिवस घेतला. हात पुढे जुळला, पण खांद्याच्या वर कधी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाव घेऊन निघालो होतो, तेव्हा दिग्दर्शकाचा मदतनीस रस्त्यात आडवा आला. हातात पिवळा शर्ट.

"हा घाल. वळणावर आडवं पडायचं, धुळीतून उठायचं आणि पुलापर्यंत जायचं. पाठमोरा."

"आणि मला काय?"

"तुला काय पाहिजे?"

पैसे ते सगळ्यांनाच देत होते. मला दुसरं हवं होतं. मी म्हटलं, "पुलावर पोचल्यावर माझा चेहरा दिसला पाहिजे. एकदा. स्वच्छ. नाहीतर शोधा दुसरा."

तो त्यांच्या गाडीकडे गेला, विचारून आला आणि हातावर हात मारून म्हणाला, "कबूल. म्हणाले, दाखवू."

हा माझा आयुष्यातला पहिला सौदा. शर्ट ओला होता, नुकता धुतलेला. डाव्या खांद्यावर टाका घातला होता. अंगाला चिकटला तेव्हा थंडगार वाटलं.

मी वळणावर पडलो. कोणीतरी टोपलीने धूळ उधळली. मी उठलो, सायकल उचलली आणि निघालो. उतारावर एक कुत्रं थोडा वेळ बरोबर धावलं, मग थांबलं. खाली रस्त्याच्या कडेला एक बाई सुकट वाळत घालत होती. मी जवळ आलो तशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "पोरा, मागं बघू नको." मी मागे बघितलं नाही. पुलावर पोचलो, चेहरा कॅमेऱ्याकडे केला आणि हसलो. आयुष्यात काही न देता, न घेता मिळालेली एवढीच एक गोष्ट माझ्याकडे होती, तो उतार. सौदा चेहऱ्याचा होता. उताराला मी किंमत लावली नव्हती.

दुसरा नारळ कोणी फोडला नाही. दुपारी गाड्या निघून गेल्या. काका चिऱ्याजवळ बराच वेळ उभे होते म्हणे.

चित्रपट लागला तेव्हा मी चेहऱ्याची वाट बघत बसलो. पिवळ्या शर्टातला पोरगा पुलावर पोचतो आणि तिथेच पडदा काळा होतो. माझा चेहरा नाही. थिएटरातून बाहेर आलो तेव्हा खलाश्याच्या आईने त्याचं तोंड कुरवाळलं आणि म्हणाली, "किती लागलं होतं माझ्या लेकराला, तरी उठलाच." मी पुढे होऊन म्हटलं, "चाची, उठलो तो मी." ती हसली. "हो रे बाबा, तू पण होतास." त्या 'पण'ची चीड मी पुढे कितीतरी इंजिनांच्या सौद्यांत काढली.

खलाशी पुढे आखातात गेला. मी बंदरात शिरलो. मधल्या काळात माझा डावा खांदा दुखू लागला. इंजिन उचलून उचलून असेल, असं मला वाटलं. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि विचारलं, "हे गळ्याजवळचं हाड केव्हा मोडलं होतं?"

"मोडलं नाही कधी."

"मोडलंय. लहानपणी. चांगलं जुळलंय."

मी त्यांच्यावर ओरडलो. फोटो दुसऱ्या कोणाचा असेल म्हटलं. त्यांनी पुन्हा काढला. तसाच आला.

खलाशी गेल्या वर्षी कायमचा परत आला. डिसेंबरात तो म्हणाला, "चल रे पाववाल्या, आपला सिनेमा बघून येऊ." मी नाही म्हणत होतो. शेवटी गेलो. सूर्य नुकताच बुडाला होता, वाळू अजून गरम होती. पिवळ्या शर्टातली पोरं दाटीवाटीने बसलेली. त्यांच्यातल्या एकीला कोणीतरी सांगितलं असावं. ती खलाश्याकडे आली.

"काका, तुम्हीच ना ते? एकदा उठून दाखवा ना! प्लीज!"

"गुडघे आधी विचारून घेतो," खलाशी म्हणाला. पोरं खदाखदा हसली.

"आणि हे कोण?" तिने माझ्याकडे बोट केलं.

"हा पाववाला. हा पण होता."

पुन्हा 'पण'. चित्रपट सुरू झाला. वळण आलं. पडद्यावर पिवळा शर्ट घसरला, धूळ उडाली आणि सगळा किनारा ओरडला, "ऊठ!" तोच सूर. साठ-सत्तर माणसांनी एकदम म्हटलेला होकार जसा असतो ना, तसाच सूर. माझ्या डाव्या खांद्यात कोणीतरी पाचर ठोकावी तशी कळ गेली. मी खाली वाकलो. वाकताना बघितलं तर खलाशी उभा राहिला होता. हसत नव्हता. त्याचा डावा हात, खांद्याच्या वर कधी न गेलेला, डोक्याच्या वर सरळ गेला होता. त्याला ते कळलंही नव्हतं.

नंतर आम्ही टपरीवर चहा घेतला. खलाशी म्हणाला, "ती बाई आठवते तुला?"

"कुठली बाई?"

"सुकट वाळवणारी. उतारावर. मी जवळ आलो तशी उभी राहिली. म्हणाली, पोरा, मागं बघू नको."

मी कप खाली ठेवला. ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नव्हती. बायकोला नाही, त्याला नाही. चित्रपटातही ती नाही. पडद्यावर बाई दूरवर ठिपक्यासारखी दिसते, आवाज तर नाहीच.

"तुला कोणी सांगितलं?" मी ओरडलो. टपरीवाला वळून बघायला लागला. "तू दवाखान्यात होतास! बेशुद्ध! तुझी आई तुझ्या उशाशी रडत होती, मी बघितलंय!"

"ओरडू नको रे. असेन. सगळे म्हणतात म्हणजे असेन." त्याचा आवाज खाली गेला. "पण मला दवाखाना आठवत नाही, पाववाल्या. पूर्वी आठवायचा. मलमपट्टीचा वास, आईचा हात, सगळं. आता तिथे उतार आहे. एक कुत्रं बरोबर धावत होतं."

"थोडा वेळ," मी म्हणालो.

"हो. मग थांबलं."

मी म्हटलं, थांब, मी सांगतो तो उतार, मी गेलोय त्या उताराने. आणि डोळे मिटले. वळण आलं. शर्ट ओला असायला हवा होता, पण कोरडा होता, उन्हाने तापलेला. मागचं चाक सरकलं. डाव्या कुशीवर आपटलो. तोंडात खडी गेली, लोखंडासारखी चव. माझ्या डोळ्यांसमोर सायकलचं पुढचं चाक फिरत होतं, हळू, आणखी हळू, आणि त्याच्या आऱ्यांमधून हिरव्या शर्टातला एक पोरगा माझ्याकडे वाकून बघत होता.

हिरवा शर्ट माझा होता.

डोळे उघडले तर खलाशी माझ्याकडे तसंच वाकून बघत होता. "काय दिसलं?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "ते माझं आहे. ते मला पाहिजे. आयुष्यभर या हाताने मी काही उचललं नाही, त्याचं कारण तरी माझ्यापाशी राहू दे." आम्ही दोघं घासाघीस करत होतो, आणि देण्याघेण्यातलं काहीच आमच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही गुरवांच्या घरी गेलो. काका आता नाहीत. गाऱ्हाणं त्यांचा मुलगा घालतो, आमच्याच वयाचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, पण त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"बाबा शेवटपर्यंत म्हणायचे," तो म्हणाला, "त्या सिनेमावाल्याचा दुसरा नारळ रायला."

"मग फोड ना तू," मी म्हटलं.

"माझा शब्द नाय तो."

"मी फोडतो. मी होकार भरला होता, मी मागे घेतो. एक कशाला, पाच फोडतो."

तो हसला. "हे इंजिन नव्हे हो शेठ, पाच सांगून तीनवर यायला. ज्यानं घालायला लावला त्यानंच उभं रायला हवं. तुम्ही साक्षीदार. साक्षीदार सौदा मोडू शकतो काय? तुमच्या बंदरात चालतं?"

नाही चालत. मी त्याच्या अंगणातून चपला न घालताच निघालो. खलाश्याने मागून आणून दिल्या.

दिग्दर्शकाचा फोन नंबर मिळवायला मला चार लोकांच्या मागे लागावं लागलं. तो आता म्हातारा झाला आहे, पण आवाज तसाच गोड. त्याला वाटलं, मी चित्रपटाचा चाहता आहे.

"काय क्षण होता तो!" तो म्हणाला. "मुलगा पडला, आम्हाला वाटलं संपलं, आणि तो उठला!"

"उठलो तो मी. दुसऱ्या दिवशी. तुमच्या माणसाने शर्ट दिला. चेहरा दाखवायचं कबूल केलं होतंत."

"नाही, नाही. गल्लत होतेय तुमची. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे नव्हतोच. अपघात झाला आणि त्याच संध्याकाळी सामान बांधून आम्ही मुंबईला निघालो. तो मुलगाच उठला. मी स्वतः कॅमेऱ्यामागे होतो. एक सलग दृश्य आहे ते. जोड नाही त्यात कुठे."

"आणि नारळ?"

"कुठला नारळ?"

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

मग दुकानात बसून आम्ही दोघांनी ते दृश्य मोबाइलवर थांबवून थांबवून बघितलं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की जोड धुळीत आहे. तो पडतो, धूळ, मी उठतो. धुळीत कापून जोडलं असणार. आम्ही धूळ कणाकणाने पुढे सरकवली. सावली बघितली. वळणावरच्या झुडपाचं एक पान वाऱ्याने हलतं, ते पडण्याच्या आधी हलायला लागतं आणि उठल्यानंतर हलायचं थांबतं. मध्ये कुठेच तुटत नाही. जोड नाही. पोरगा डाव्या कुशीवर पडतो आणि तोच पोरगा त्याच धुळीतून उठतो. पाठ कोणाची, ते आम्हा दोघांनाही सांगता येईना. खलाशी म्हणाला, "माझी वाटते." मी म्हटलं, "माझी." मग दोघांनाही एकच गोष्ट वाटून गेली, की ती आमच्यापैकी कोणाचीच नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला पक्की कळली आहे. हे एकदम झालेलं नाही. दर वर्षी ती पोरं येतात, ओरडतात आणि दर वर्षी थोडं थोडं इकडचं तिकडे जातं. पोरांचा दोष नाही. आम्ही म्हटलं तसंच तीही लयीत म्हणतात. त्यांना मी थांबवायला गेलो होतो. पोरं म्हणाली, "काका, 'ऊठ' नाही म्हटलं तर मग बघायचं कशाला?"

वर मी त्या बाईचं वाक्य लिहिलं आहे. ते लिहिताना मला खलाश्याला फोन करावा लागला. बाई उभी राहिली होती एवढंच मला माहीत होतं, काय म्हणाली ते आता माझ्यापाशी नाही. कुत्र्याचंही त्यानेच सांगितलं. शर्ट ओला होता हे अजून माझं आहे, पण अंगाला थंड लागलं होतं की नाही, याची मला आज सकाळपासून खात्री वाटत नाही. खलाशी त्याच्या घरी बसून दवाखान्यातला आईचा हात आठवायचा प्रयत्न करतो. आई आता नाही. तो हात गेला तर त्याच्याकडे दुसरा नाही.

डिसेंबर जवळ आला आहे. वळणावरच्या झुडपांवर धूळ बसायला लागली आहे.

तेव्हा दिग्दर्शकसाहेब, हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. माझा चेहरा राहू द्या, तो मी तुम्हाला सोडला. मला वाक्य हवं आहे. तुम्ही घालायला लावलेला शब्द तुमच्याच तोंडून मागे घेतलेला हवा आहे, त्या वळणावर, त्या चिऱ्यापुढे, उभं राहून. नारळ मी आणतो, गुरव मी आणतो, माणसं मी जमवतो. तुम्ही फक्त या, आणि ती पोरं ओरडायच्या आधी या. आणि येणार नसाल तर निदान गावासमोर एवढं तरी सांगा. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथे नव्हता म्हणता, तर तो ओला शर्ट घेऊन माझ्या वाटेत उभा होता तो कोण, हातावर हात मारून त्याने कबूल केलं ते कोणाच्या वतीने, आणि माझ्या मित्राच्या जागी तुम्ही उठवलंत ते कोणाला?